लॉरीचा दम

जिनिंगच्या आवारात कापसाचे पुंजके कोपऱ्याकोपऱ्यात आपोआप साचतात. तिथल्या किश्शांचंही तसंच. कुणी मुद्दाम गोळा करत नाही, पण झाडायला घेतलं की टोपलीभर निघतात! मी हिंगोलीला बापूसाहेबांच्या जिनिंगवर कापूस तोलायला होतो. लढाईचे दिवस. पेट्रोल मोजूनमापून मिळायचं, आणि आमची म्हातारी लॉरी ते घटाघटा प्यायची. सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

एक दिवस बापूसाहेबांनी ड्रायव्हरला, म्हणजे हरबाजीला बोलावलं.

"हे बघ, पेट्रोलच्या एका डब्यात लॉरी कळमनुरीच्या बाजाराला जाऊन कापूस घेऊन परत आली तर हिला ठेवतो. न्हाई तर इकून टाकतो. नांदेडचं गिऱ्हाईक येऊन राहिलं."

हरबाजी तांड्यावरचा. आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, बापानं गाडी हाकली, आणि खानदानात स्टीअरिंग धरणारा हा पहिलाच. लॉरी गेली की पुन्हा बैलगाडी! त्याला बैलांची लाज नव्हती, पण लॉरीवर त्याचा जीव होता. त्या दिवशी तो जेवला नाही. मला खरंच वाईट वाटलं.

*

ट्यूनिंगसाठी वहीद मिस्त्रींना आणलं. मिस्त्री आले, इंजिन चालू करायला लावलं, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टरनं नाडी बघावी तसे!

बापूसाहेब शेजारीच. त्यांना गप्प राहणं कधी जमलं नाही. ही लॉरी कुणाकडून घेतली, तेव्हा तिचा रंग कसा होता, हे सगळं सुरू झालं.

मिस्त्रींनी डोळे न उघडता सांगितलं, "सेठ, या तो इंजन बोलेगा, या आप!"

बापूसाहेब गप्प बसले. आम्ही सगळे कामं टाकून ते बघायला आलो. मिस्त्रींनी शेवटी पेचकस खाली ठेवला, तर बापूसाहेब हळूच विचारतात, "आता बोलू?"

*

मिस्त्रींनी इंजिनाचे चारही प्लग काढले. काजळीनं काळेकुट्ट! "पेट्रोल जलताच नहीं, खाली धुआँ हो रहा है," मिस्त्री म्हणाले. हरबाजी ते घासायला घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, रुखमीनं, चुलीतल्या राखेनं भांड्यांसोबत तेही लखलखीत घासून दिले.

"चार दिवसांनी पुन्हा घेऊन या," ती म्हणाली.

"काहून?"

"तुमी चालवणार म्हनल्यावर पुन्हा काळे होतीलच की!"

*

मग कार्बोरेटर. त्यातला जेट म्हणजे पेट्रोल यायचं बारीकसं भोक, तेच कचऱ्यानं बुजलेलं. तार घातली तर भोक मोठं होतं आणि लॉरी आणखी प्यायला लागते. मिस्त्री म्हणाले, "घोड्याच्या शेपटीचा केस पायजे."

गावात लांब शेपटीचा घोडा एकच, चौकीवरच्या जमादाराचा, आणि तोही जमादारासारखाच तापट. हरबाजी गेला. बऱ्याच वेळानं लंगडत परत आला.

"केस भेटला का?"

"भेटला," हरबाजी मांडी चोळत म्हणाला. "घोड्यानं पोच बी देली!"

मिस्त्रींनी केस उजेडात धरून निरखून पाहिला आणि म्हणाले, "ये जरा मोटा है. दुसरा ला."

*

ट्यूनिंग झालं. इंजिन शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. पण पहिल्याच फेरीत टाकीत काठी बुडवून पाहिलं, तर पेट्रोल पूर्वीइतकंच उडालेलं! मिस्त्रींनी कान पकडले. "मेरा काम बराबर है. पेट्रोल जाता किधर?"

शेवटी मिस्त्री आणि मी लॉरीत बसलो. कळमनुरीच्या वाटेवर पहिली चढण लागली, लॉरी वर चढली. हरबाजीनं ती बाजूला घेतली, ब्रेक लावला, खाली उतरला आणि बॉनेटवर हात फिरवत उभा राहिला. इंजिन चालूच!

"क्या हुआ?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुठं काय? चढन चढून आली. दम खाऊन राहिली."

त्याच्या आज्याची रीतच होती. लादलेला बैल चढण चढला की थांबायचं, त्याची धाप ओसरू द्यायची, मगच पुढं. हरबाजी वर्षानुवर्षं प्रत्येक चढणीवर लॉरीला तसा दम खाऊ देत होता!

"अरे, फिर बंद तो कर!" मिस्त्री ओरडले.

हरबाजीनं बॉनेटवर आणखी एकदा हात फिरवला. "बंद केल्यावर श्वास कशानं घेईल?"

मिस्त्रींनी पुष्कळ समजावलं, तेव्हा कुठं तो बंद करायला तयार झाला. तरी किल्ली फिरवताना त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

*

आता अखेरची परीक्षा. सकाळी बापूसाहेबांनी स्वतःच्या हातानं एक डबा पेट्रोल टाकीत ओतलं. नांदेडचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी यायचं होतं. आम्ही तिघं निघालो. चढण चढून दम खाताना इंजिन बंद, उतारावर इंजिन बंद. बाजारात कापूस भरला, परत फिरलो. हरबाजी सारखा पुटपुटत होता, "चल माय, चल!"

हिंगोली जवळ आली, आणि शेवटच्या चढणीच्या पायथ्याशी लॉरी खोकली आणि थांबली. टाकी कोरडी!

हरबाजी स्टीअरिंगवर डोकं टेकून बसला. आम्हाला त्याच्याकडं बघवेना. मग एकदम उठला. शेजारीच त्याच्या साडूचं शेत होतं. तिथून बैलांच्या दोन जोड्या आल्या, मोटेचा जाड नाडा आला. नाडा बंपरला बांधला, मागून मिस्त्री आणि मी रेटलं, आणि म्हातारी वर चढली. वर पोचल्यावर हरबाजीनं सवयीनं बैलांना दम खाऊ दिला. मग त्यांना सोडून दिलं. तिथून जिनिंगच्या फाटकापर्यंत उतारच उतार!

फाटकात बापूसाहेब खाट टाकून बसले होते. कापसानं भरलेली लॉरी अलगद, बिनआवाजी आत आली आणि त्यांच्यापुढं येऊन थांबली.

"वा मिस्त्री!" बापूसाहेब उठून उभे राहिले. "काय ट्यूनिंग केलंय! इंजिन चालू हाय का न्हाई, तेच कळत न्हाई!"

मिस्त्री आभाळाकडं बघायला लागले.

"एकाच डब्यात?"

"एकाच डब्यात, मालक," हरबाजी म्हणाला. "वर एक थेंब न्हाई."

बापूसाहेबांनी लॉरीभोवती एक चक्कर मारली. पुढं येऊन थांबले. बंपरला नाडा तसाच लोंबत होता. त्यांनी तो हातात घेतला, चाचपला, सोडला. हरबाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

बापूसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवला. मग मला म्हणाले, "नांदेडला निरोप धाड. लॉरी इकायची न्हाई."

आणि आत जाता जाता मागं वळून हरबाजीला म्हणाले,

"अन् हिला दोन टोपल्या सरकी घाल. दमली असंल!"