शून्य न ओलांडणारी उकल

"बाई, तुम्ही पाथर्डीच्या ना? दिवाळी झाली की उसतोडीला, पाडव्याला परत. दोलन, हे जाणं-येणं, तुमच्या रक्तातच आहे. पण सिद्धता रक्तात नसते!"

सर असं बोलले आणि गणित विभागाचा सेमिनार हॉल हसला. पाहुणे प्राध्यापक हसले. त्यांच्या बशा मीच भरल्या होत्या. आमच्याकडे पीएचडी करणाऱ्यानं आधी पोहे वाढायचे, मग फळ्यापाशी जायचं.

आणि मीही हसले. सेहेचाळीस वर्षांची, नगरच्या कॉलेजात तासिकेवर शिकवणारी बाई. हातात खडू, आणि फिदीफिदी.

माझा गुन्हा एवढाच. आजच्या बदलात कालच्या बदलाचाही वाटा असतो, अशी समीकरणं असतात. न्यूट्रल म्हणतात त्यांना. सरांचं जुनं प्रमेय सांगतं, त्यांची प्रत्येक उकल शून्याच्या वर-खाली होत राहते, कोटी, म्हणजे बदलाच्या बदलाची पायरी, कुठलीही असो, सम वा विषम. मी तिसऱ्या कोटीचं एक समीकरण फळ्यावर मांडलं. त्याची एक उकल शून्याकडे उतरत जाते, पण शून्य कधीच ओलांडत नाही. म्हणजे विषम कोटीला प्रमेय पडतं. सरांचं. माझ्या मार्गदर्शकाचं.

घरी हा किस्सा मी रंगवून सांगितला. किस्से सांगायचं खातं माझ्याकडेच. भाऊ पोट धरून हसला. आईनं बावीस हंगाम ऊस तोडलाय. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"ते हसले ते हसले. तू कामून हसलीस?"

"अगं, सर आहेत ते."

"तुजं गनित बरूबर हाय का न्हाई?"

"बरोबर आहे."

"मंग?"

तोंडी परीक्षेत मी एवढी कधी अडकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. प्रबंध त्यांच्यापुढे होता, पेन उघडं.

"ते पान काढा. फक्त सम कोटी ठेवा. लगेच सही करतो."

"चूक दाखवा सर, काढते."

"चूक नाही हो. शोभत नाही."

शूर वगैरे मी नाहीच. तरी म्हणाले, "मग राहील ते."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "सहा वर्षं वाया जातील."

"जाऊ द्या."

सही झालेली नाही. दुसरा मार्गदर्शक शोधतेय. दोघांनी नाही म्हटलंय, कारण सरांशी वाकडं कोण घेणार? तिसऱ्याकडे सोमवारी जाणार आहे. त्यांच्यापुढे प्रबंध उघडेन, तो त्याच पानावर.