खाली राहिलेला हात

माझी थोरली बहीण केझाया ट्रेम्बाथ हिनं आयुष्यात सगळी मिळून एकोणीस चित्रं काढली. त्यातलं एकच लोकांसमोर गेलं, आणि तेही सात जणांसमोर, मिनिटभर. बाकीची तिच्या पलंगाखाली आहेत. मी हे लिहितेय ते तिची कीर्ती वाढावी म्हणून नाही. कीर्तीचं तिनं काय करायचं, या वयात? मी लिहितेय कारण तिला फसवणाऱ्यांची नावं कुठेतरी एका जागी असायला हवीत, आणि ती मला सगळी ठाऊक आहेत.

समुद्रकाठच्या आमच्या पोल्गेरन गावातून मासळी गेली आणि चित्रकार आले. बंदरावरच्या जाळी विणायच्या माड्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. इथल्या उजेडासारखा उजेड साऱ्या इंग्लंडात नाही म्हणायचे. आम्हाला त्या उजेडात खिडक्यांवरची धूळ तेवढी दिसायची, आणि ती पुसायचं काम ताईकडे होतं. अशा चार माड्या ती झाडायची, घासायची. तिचा नवरा हेडली, आमचे दाजी, होड्या बांधणारा सुतार. होड्यांचं काम आटलं तसे ते चौकटी आणि खोकी बनवायला लागले. मी, लव्हडे, बंदराच्या कोपऱ्यावर पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, भाजून विकत होते. चित्रकारांना रंग कळो न कळो, गरम पेस्टी बरोबर कळायची.

रूपर्ट एल्सम लंडनहून आला तो दुसरी मोठी लढाई संपल्यावर. नव्या पद्धतीचा चित्रकार. त्याच्या चित्रात होडी कुठली आणि बंदर कुठलं हे तो शेजारी उभा राहून सांगायचा, तेव्हा आम्ही मान हलवायचो. माणूस गोड होता, ते नाकारून चालणार नाही. ताईनं केलेले केशराचे पाव खाताना डोळे मिटायचा. दाजींबरोबर गुत्त्यात बसायचा, त्यांच्या बापाच्या आठवणी विचारायचा. मोठा माणूस आपल्याला काही विचारतोय, यानंच आम्ही निम्मे विकले गेलो.

त्याच्या माडीवर दुपारी तो जेवायला गेला की ताई त्याची रंगाची पाटी खरवडून साफ करायची. उरलेला रंग टाकवेना, म्हणून एक दिवस तिनं तो फेकायच्या फळीच्या तुकड्यावर लावला. मग दर दुपारी. होड्या नाहीत, समुद्र नाही, सूर्यास्त तर नाहीच. गुडघ्यांवर बसून जमीन घासणाऱ्या बाईला जग जिथून दिसतं, तिथून तिनं ते काढलं. टेबलाचा खालचा भाग. स्टुलाचे तीन पाय आणि चौथ्याची सावली. ओल्या फळ्यांवर पडलेली खिडकी. मला तिनं एकदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "ताई, अगं वरचं काढायचं राहिलं की." ती म्हणाली, वरचं बाकीचे काढतातच.

शेगडीमागे वाळत ठेवलेली एक फळी एल्समला सापडली. ताईला वाटलं, आता काम गेलं. तो बराच वेळ ती हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "केझाया, मी वीस वर्षं या धंद्यात आहे. जमीन ओली असते हे मला आज कळलं."

त्या एका वाक्यावर ताई दोन वर्षं जगली, असं म्हटलं तरी चालेल. तो तिला चांगल्या फळ्या द्यायला लागला. इथल्या चित्रकारांच्या मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठव, म्हणून मागे लागला. ताई नको म्हणायची. चॅपलमधल्या बाया काय म्हणतील, हसतील. शेवटी बावन्न सालच्या वसंतात त्यानं माझ्या दुकानात, माझ्यासमोर तिला सांगितलं, "निवड समितीवर यंदा मी आहे. माझं मत तुझंच. हे वेगळं सांगायला हवं का?" ताईनं चित्र पाठवलं. 'धुतलेली जमीन' असं साधंच नाव. चौकट दाजींनी केली, ॲश झाडाच्या लाकडाची, सांधा दिसणार नाही अशी.

आता मंडळाची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलेलं आहे. खलाशांच्या बंद पडलेल्या चॅपलमध्ये समितीचे सात जण एका ओळीत खुर्च्यांवर बसतात. चित्रांवर नावं नसतात, नुसते आकडे. हमाल एकेक चित्र उचलून छातीशी धरून त्यांच्यासमोर उभा राहतो. चार हात वर गेले तर चित्र लागलं. तीन गेले तर 'शंका', ते शेवटी पुन्हा एकदा दाखवायचं. त्याहून कमी, तर फुली. चित्राच्या पाठीवर खडूनं खूण हमालानंच करायची. आणि कुणाचा हात वर गेला, कुणाचा नाही, हे फक्त हमालाला समोरून दिसतं, म्हणून त्यानं बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची की आतलं बाहेर सांगणार नाही. आमच्यात शपथ म्हणजे शपथ. ज्यानं ती मोडली त्याच्या शेजारी चॅपलात कुणी बसत नाही.

तो हमाल म्हणजे आमचे दाजी. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते.

त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला दाजी माझ्या दुकानात मागच्या दारानं आले. काखेत पोत्यात गुंडाळलेलं चित्र. पिठाच्या पिंपावर बसले. मी चहा दिला, तो गार झाला. मग तोंड उघडलं ते भडाभडा.

सकाळी खुर्च्या मांडताना त्यांनी ऐकलं होतं. मंडळाचे अध्यक्ष मेजर प्रिंगल एल्समला सांगत होते की, उत्तरेकडची भिंत, सगळ्यात चांगल्या उजेडाची, यंदा तुझी आणि तुझ्या नव्या मित्रांची. पण मग बाहेरची नवी भरती नको, आहे त्यांत भागवा. एल्सम हसून ठीक म्हणाला होता. दाजींना तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. ताईचं चित्र त्यांनी छातीशी धरलं तेव्हा लागत गेला. तीन हात वर गेले. पहिला मिस ऑलिफंटचा, आमच्याकडच्या रानफुलांची चित्रं काढणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा; ताई तिचीही माडी झाडायची. चित्र कुणाचं हे तिला ठाऊक नव्हतं. एल्समचा हात गुडघ्यावर होता.

"शंका म्हणून बाजूला ठेवलं," दाजी म्हणाले. "मला वाटलं, दुसऱ्या खेपेला करेल. चारचौघांत पहिल्यांदा लाजला असेल. शेवटी परत धरलं. जरा जास्तच वेळ धरलं, लव्हडे. मेजर ओरडला, ट्रेम्बाथ, पुढचं घे. रूपर्टनं माझ्याकडे बघितलं. अगदी माझ्या डोळ्यांत. आणि हात तसाच."

"मग?"

"मग काय. फुली मारली. मीच."

शंकेचं चित्र दुसऱ्या खेपेलाही पडलं तर फुलीच. खडू त्यांच्या बोटांना अजून लागलेला होता.

मी म्हटलं, दाजी, जा आणि ताईला सांगा. ते म्हणाले, शपथ आहे. मी म्हटलं, मला सांगितलंत की. तर म्हणे, तुला सांगणं वेगळं, तू घरातली असून बाहेरची. कुठेतरी ओकायला हवं होतं. केझीला सांगितलं तर ती माडीवर जाऊन त्याला जाब विचारेल, आणि मग सगळ्या गावाला कळेल की हमाल बोलला. मी ऐकलं. मी का ऐकलं, हे पुढे सांगते.

एल्समनं त्याच संध्याकाळी ताईला गाठून हातात हात घेतला. मला करता आलं तेवढं केलं, म्हणाला, पण म्हाताऱ्या बायकांपुढे माझं काय चालणार. ऑलिफंटबाईनं तर तोंडच वाकडं केलं. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा. वर सल्लाही दिला, की आता पुन्हा पाठवू नकोस, ही माणसं तुझं मन मोडतील.

ताईनं पुन्हा पाठवलं नाही. काढलंही नाही. ज्याला कळतं तो आपल्या बाजूनं होता आणि तरीही जमलं नाही, म्हणजे आपल्यासारखीला हे दार उघडायचंच नाही, असा तिनं हिशोब केला. एल्समच्या पाटीवरचा रंग ती पुन्हा कचऱ्यात खरवडायला लागली. पाव मात्र दर शनिवारी जात राहिले. आणि मिस ऑलिफंटचं काम तिनं तडकाफडकी सोडलं. चौदा वर्षांचं काम. कारण सांगितलं नाही, रस्त्यात भेटली तर मान फिरवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एकदा मिस ऑलिफंट माझ्या दुकानात आली. हातमोजे काढून पेस्टी घेतली, पण जाईना. शेवटी म्हणाली, "लव्हडे, माझ्याकडून केझायाचं मन दुखावलं गेलं का? मला आठवत नाही. आठवलं असतं तर मी तिच्या दारी गेले असते." मी काय सांगितलं? ताईची कंबर धरलीय, जिने चढवत नाहीत. म्हातारी लगेच म्हणाली, मग मी खालच्या मजल्यावर राहायला येते, तिला म्हणावं. मी निरोप दिला नाही.

दाजींनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती सात वर्षं. एकोणसाठच्या मार्चमध्ये मिस ऑलिफंट गेली. दफनाला मी गेले, दाजी गेले, एल्समही चांगला कोट घालून आला होता. ताई आली नाही. तिथून दाजी आणि मी त्यांच्या घरी आलो. ताई बटाटे सोलत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "रडले का कुणी? तिच्यासाठी रडण्यासारखं काही नव्हतं."

दाजी टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. म्हणाले, "केझी, तिचा हात वर होता."

मग सगळं सांगितलं. दोन्ही खेपा, गुडघ्यावरचा हात, उत्तरेकडची भिंत. ताईनं सुरी खाली ठेवली नाही, बटाटाही नाही. संपल्यावर तिनं एकच विचारलं, की शनिवारी आपण एल्समला पाव देत होतो ते तूच पिशवीत घालून नेऊन देत होतास ना? दाजी हो म्हणाले.

"मी काय करणार होतो, केझी? शपथ होती. देवासमोर घेतलेली. आतलं बाहेर कुण्णा कुण्णाला सांगायचं नाही."

ताईचा राग ओसरतोय असं मला वाटलं. शपथ तिला कळत होती. तीही त्याच चॅपलात वाढलेली. ती हळूच म्हणाली, "कुणालाच नाही सांगितलंस? सात वर्षं एकट्यानं वागवलंस हे?" तिच्या आवाजात नवऱ्याची कीव होती. त्या घडीला दाजी नुसते हो म्हणाले असते, तर बहुधा निभावलं असतं.

पण दाजींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

ताईनंही माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. आता सांगते मी का गप्प राहिले. दाजींच्या शपथेसाठी नाही. मला थोडं बरं वाटलं होतं. चित्र लागलं असतं तर ताई मिस ऑलिफंटबरोबर चहाला बसली असती, आणि मी पेस्ट्या बांधून देत राहिले असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एल्समनं भिंतीसाठी केलं, मी तर फुकटात केलं.

"कधी कळलं तुला?" तिनं मला विचारलं.

"त्याच दिवशी. दुपारी."

"माझ्या आधी."

"हो."

ती दाजींकडे वळली. आवाज चढला नाही तिचा, तो कधी चढतच नाही.

"म्हणजे शपथ तू पहिल्याच दिवशी मोडली होतीस, हेडली," ती म्हणाली. "फक्त माझ्यासाठी मोडली नाहीस."

दाजी आणखी अकरा वर्षं जगले, त्याच घरात. ती त्यांना वेळेवर जेवायला वाढायची. माझ्याशी ती आजही बोलते, हवा, भाव, कुणाची मुलं कुठे, असं. त्या दिवसानंतर तिनं मला कुठलीही खरी गोष्ट सांगितलेली नाही.