गच्चीवर कुणाचंच काही नव्हतं

वादळ आलं त्या दिवशी दुपारी ताई परात घेऊन गच्चीवर गेली. पत्रा उडून आला. तो तिच्या डोक्याला लागला. ती गेली.

मी त्या वेळी ठाण्याला, नौपाड्यात दातांच्या डॉक्टरकडे होते. सकाळी निघताना नुसतं ढगाळ होतं. डोंबिवलीला पोचले तोवर अंधारून आलं होतं, आणि जिन्यातली माणसं मला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यावरूनच मला कळलं.

ताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. मी शाळेत मराठी शिकवलं, तिनं बँकेत नोकरी केली. निवृत्तीनंतर मी पुस्तकांत शिरले आणि ती इमारतीत. कुणाचं दूध घेऊन ठेव, कुणाच्या गॅसवाल्याला दार उघड. सगळी इमारत तिला ताई म्हणायची.

पुढचे काही दिवस वीज नव्हती. टाक्यांची झाकणं उडाली होती, गुलमोहर दोन गाड्यांवर आडवा झाला होता. टँकर आला की फाटकाशी रांग लागे. खिडकीतून मला सगळं ऐकू येई.

"काय हो, माणसं तीन आणि बादल्या सहा?"

"वादळानं आणून टाकल्या दारात. तुमची असेल त्यातली तर ओळखा!"

सगळे हसत. मग कुणीतरी वर माझ्या खिडकीकडे बघे आणि हसणं थांबे.

पत्रा कुणाचा, यावर दोन इमारतींची जुंपली. आमचे सेक्रेटरी म्हणाले, त्यांच्या शेडचा. शेजारच्या इमारतीचे म्हणाले, तुमच्याच. पत्रा बघावा असं कुणाला सुचेपर्यंत भंगारवाला सगळं घेऊन गेलाही होता.

"त्याला बोलावलं कुणी?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"अहो मॅडम, कचरा होता. साफ करायलाच हवा होता ना?"

मी पत्र्याचा नाद सोडला. वारा कुणाचाही पत्रा उडवतो. मला दुसरंच कळायला हवं होतं. ताईला गच्चीवर पाठवलं कुणी?

आमच्या कुरडया आदल्याच दिवशी खाली आल्या होत्या. डब्याचं झाकण मी स्वतः लावलं होतं. मग ती परात घेऊन कुणाचं आणायला गेली? शिवाय तिचा मोबाइल गच्चीवर सापडला, फुटलेला, आत पाणी गेलेला. भाजीला जातानासुद्धा ती फोन घरी विसरत असे. हातातला फोन तसाच घेऊन ती वर गेली, म्हणजे नुकतंच कुणाशी तरी बोलली होती. परातीत पांढरा लगदा होता. साबुदाण्याचा असेल, तांदळाचा असेल. पावसानं तो कुठल्याच घरचा ठेवला नव्हता.

आमच्याकडे मे महिन्यात बायका मिळून वाळवण घालतात. आज एकीच्या घरी चीक शिजवायचा, उद्या दुसरीच्या घरी पापड लाटायचे. गच्चीवर प्लास्टिक पसरून कोपऱ्यांना विटा ठेवायच्या. वादळाच्या आधीच्या रविवारी मी वर गेले होते, तर पाय ठेवायला जागा नव्हती.

सुतकात आमच्या घरी चूल पेटली नाही. शेजारून डबे येत, पिठलं-भात, मुगाची खिचडी. डबा घेऊन आत येऊन बसणाऱ्या प्रत्येकीला मी पाणी देई आणि सहज विचारल्यासारखं विचारी, "तुमचं वाळवण वाचलं का हो?"

"आमचं कुठे काय होतं वर!"

"आम्ही यंदा घातलंच नाही गं, गुडघे कुठे चालतात माझे."

"आमचं केव्हाच उतरवलं होतं."

सगळ्यांचं उत्तर तेच. भरलेली गच्ची मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि आता तिथे कुणाचंच काही नव्हतं. त्यांनी आपसात ठरवलं होतं की प्रत्येकीला आपापली भीती वाटत होती, ते मला ओळखता येईना. घास तोंडात घालताना मनात येई, हिनं एवढं तूप का घातलं असेल? हिचा डबा आज का आला नाही? अन्नाकडे असं बघायची सवय लागली आणि ती गेली नाही. दिवा स्टेशनजवळ राहणारी मावसबहीण भेटायला आली. तिच्या चाळीवरचं छप्परच गेलं होतं. ती म्हणाली, "अगं, या बायका तुला जेवायला घालतायत. आमच्याकडे पाणी विचारायला कुणी नाही." मी तिलाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रोज येत, पण आत बसत नसत. डबा दाराशीच देऊन खाली जात. माझा संशय हळूहळू त्यांच्यावर स्थिरावला, आणि म्हणून त्यांनाच तेवढं मी विचारलं नव्हतं.

श्रावणात एकदा त्या जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. मी विचारलं, "वहिनी, तुमचं वाळवण?"

त्या जिन्यातच बसल्या.

"माझ्या साबुदाण्याच्या पापड्या होत्या. मी लेकीकडे कल्याणला अडकले होते. ताईंना फोन केला."

"आणायला सांगितल्यात?"

"नाही हो. शपथ! मी म्हटलं, ताई, पापड्या वर राहिल्यात, पण तुम्ही जाऊ नका हं. राहू देत, भिजल्या तर भिजल्या."

मग त्याच हळू म्हणाल्या, "जाऊ नका एवढंच सांगायचं होतं, तर फोन कशाला केला असता मी?"

आम्ही सगळे असंच मागतो. नको नको म्हणत पुढ्यात ठेवतो, आणि ताईसारखी माणसं उठतात. वहिनींनी खरं सांगितलं, असं मला तेव्हा वाटलं. वर आल्यावर वाटलं, परातीतला लगदा एका घरच्या पापड्यांच्या मानानं फार होता. म्हणजे आणखी कुणीतरी असंच "राहू देत" म्हटलं असणार. किंवा वर गेलेच आहे तर सगळ्यांचंच आणू, असं ताईला वाटलं असेल. तिला तसं वाटलं असतंच.

याला आता काही वर्षं झाली. पुन्हा कुणाला मी विचारलेलं नाही. वहिनी जिन्यात भेटल्या की बोलतो, पावसाचं, गुडघ्यांचं. बाकीच्या बायकाही चांगल्या वागतात, आणि त्यांच्यापैकी कुणाचा फोन आला की मी तो पूर्ण ऐकून घेते आणि जागची उठत नाही. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते.