अबोल्याची संक्रांत

सांवेरच्या प्रेमलताकाकूंनी आपल्या शेताच्या पाणथळ कोपऱ्यातलं सारसांचं घरटं कौतुकानं वनखात्याला दाखवलं, ही त्यांची चूक. तिथे संरक्षणाची पाटी लागली. लगेच एक पुढारी सभेत ओरडला, "चिड़िया के चक्कर में जमीनें जाएँगी, भिया!" जमीन कोणाचीच गेली नाही; पण गावानं काकूंशी बोलणं टाकलं. नवरा दौलतराव रागावून इंदूरला, राजेंद्र नगरात लेकाकडे जाऊन राहिले. शाबास त्यांची!

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकू तिळगुळाचं ताट घेऊन संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसल्या. एकही बाई फिरकली नाही. तेवढ्यात गव्हाच्या शेतातून सारसांची जोडी कर्कश ओरडली.

काकूंनी तिकडे वळून ताट पुढे केलं.

"गोड नाही तर नाही," त्या म्हणाल्या, "बोललात तरी."