तिच्या पिंजऱ्यातलं तणस

चंद्रपूरच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं संशोधन करायचो. मी पोंभुर्ण्याकडचा, ती आलापल्लीपलीकडच्या जंगलातल्या गावची. जंतू अंगात शिरले की शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. तेच आधी टोचलं तर उंदीर जंतूंना पुरून उरतात का, हे दोघांनी वेगवेगळं पाहायचं होतं. ज्याचं काम चांगलं उतरेल त्याला सर पीएचडीला घेणार होते. जागा एकच.

माझे निम्मे उंदीर दगावले. तिचे जवळपास सगळे जगले. माझा नुसता जळफळाट झाला. ती हसतमुखाने डबा उघडायची, तेही मला सोसेना.

मग एका सकाळी तिच्या पिंजऱ्यांत निर्जंतुक भुशाऐवजी चक्क धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा दिसला. मला मनातून उकळ्या फुटल्या. विचारलं तर म्हणाली, "सुरुवातीलेच थंडीनं आकसून राह्यले होते ना भाऊ. घरी वासराखाली टाकतो, तसं टाकलं." मीही धानाच्याच घरात वाढलो होतो. मला हे सुचलं नाही, याचाही राग आला.

मी तडक सरांकडे गेलो आणि काळजीचा आव आणून तिचा प्रयोग बाटल्याचं सांगितलं. सरांनी तिला बोलावलं. तिने काही लपवलं नाही, उलट वही पुढे केली. सायटोकाइन न देता नुसतं मिठाचं पाणी टोचलेले उंदीरही तिच्याकडे जगले होते.

"मले वाटते सर, तणसातल्या जंतूंनीच त्याईले आधी तयार केलं," ती म्हणाली.

सरांनी नवे उंदीर तणसावर ठेवून त्यांचं रक्त तपासायला लावलं. काहीही न टोचता सायटोकाइन वाढलेलं निघालं. जागा तिला मिळाली, माझ्या चुगलीमुळे.

तिला मात्र वाटतं, मी भल्यासाठीच बोललो. परवा म्हणाली, "तुमच्या घरचं तणस आणून द्या ना भाऊ. दुसऱ्या गावचं पण पाहा लागते."

रविवारी घरी पोतं भरलं आणि चुलीवर मोठं पातेलं चढवलं. तणस उकळून, वाळवून, एकही जंतू न ठेवता तिला द्यायचं होतं. पाणी उकळेपर्यंत मी पोत्याला टेकून बसलो. मग त्या पाण्याने आंघोळ केली आणि पोतं तसंच नेलं.

तिने मूठभर तणस हातात घेऊन हुंगलं, चांगलं आहे म्हणाली. मला हेवा वाटायचा तो वाटलाच.