सोरेनाचं डावं मडगार्ड

आमच्या आबांच्या मोटारीला दोनच दारं आहेत. मागं बसणाऱ्याला आधी निर्णय पक्का करावा लागतो.

ही जुनी जपानी गाडी, सोरेना. कोडोलीत रस्त्याकडेला उभी असताना उसाची ट्रॉली तिला घासून गेली आणि डाव्या मडगार्डाचा पापड झाला. त्याच आठवड्यात आबांच्या छातीत दुखलं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर ते एवढंच म्हणाले, की बरा झालो की तुझ्या आईला गाडीतनं जोतिबाला नेणार. मला वाटलं, मडगार्ड आलं तर माणूसही उभा राहील.

ताई अमेरिकेहून निघणारच होती. येताना मडगार्ड आण म्हणून तिला मी गाडीचं नाव सांगितलं, बाजू सांगितली. बिचारीनं ते मडगार्ड रजईत गुंडाळून विमानानं आणलं. (विमानतळावर तिला फार प्रश्न विचारले म्हणे.)

अंगणात लावून पाहिलं, तर चार बोटं बाहेर! आबा खुर्चीतून बघत होते. मग ताईनं मोबाइलवर शोधलं. जपानात जिला सोरेना म्हणतात, ती अमेरिकेत भलत्याच नावानं विकली गेली. तिकडची सोरेना म्हणजे हिची रुंद खांद्यांची बहीण. मी नाव बरोबर सांगितलं होतं. देश सांगायचा राहिला होता.

दुसरं मागवू, थोडं थांबू, असं मी म्हणालो. आबांनी मान खाली घातली. तेव्हा आई म्हणाली, "लाव की हेच. जोतिबाला जायचं हाय, गाडीला स्थळ न्हाय बघायचं."

शिरोली एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यात पट्ट्या मारून ते बसवलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आबांनी गाडी हळूहळू डोंगरावर नेली. आई शेजारी, मी आणि ताई मागं, गुडघे हनुवटीला. वळणावळणाला मी मडगार्डाकडे बघत होतो, ताई आबांकडे.

देवळाजवळ एका नारळवाल्यानं गाडीभोवती फेरी मारली. "पावणं, कुठली वो ही गाडी?"

आबा दम खात उतरले. "डावीकडनं अमेरिकेची, उजवीकडनं जपानची," ते गंभीरपणे म्हणाले. कितीतरी दिवसांनी आई हसली.

तिथला फोटो मी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकला. एका जाणकारानं लिहिलं, की हे फार दुर्मीळ मॉडेल, कुठल्याशा बेटावरच विकलेलं. हे मॉडेल नव्हे, माझी चूक आहे, असं मी परोपरीनं कळवलं. त्यांना तो माझा विनय वाटला. आता पार्ट मागवण्याआधी सगळे मलाच विचारतात.