झटपटचा हात

दुकानाच्या पाटीवर भलतंच काही लिहिलेलं होतं, पण सगळी गल्ली त्या न्हाव्याला झटपटच म्हणायची. विशीत त्यानं दुकानात धडाडधूम ढोलाची गाणी लावायला सुरुवात केली आणि कात्रीला ठेक्यावर चालायची खोड लागली ती लागलीच. खुर्चीतलं गिऱ्हाईक पाय हलवत बसायचं, आणि दुसरं गाणं संपायच्या आत याचं कापड झटकून व्हायचं.

आता साठी जवळ आली होती आणि त्या गाण्यांचा त्याला मनापासून वीट आला होता. कुठंतरी रेडिओवर एक म्हातारी गायिका कानावर पडली. एकच सूर धरून ती इतका वेळ थांबली, की याचाच जीव टांगणीला लागला. तेव्हापासून दुसरं काही गोड लागेना. पण ऐकणार कुठं? घरी दोन खोल्या. एकीत नातू झोपलेला, दुसरीत बायकोची मालिका.

"अहो, काय ते रडगाणं! कुणी गेलंय का?" ती म्हणायची.

म्हणजे राहिलं दुकान. सगळा दिवस तिथंच जायचा. तिथं तरी मनासारखं ऐकू दे, एवढंच मागणं.

एका सकाळी त्यानं हिय्या केला आणि फोनवर त्या गायिकाबाईचं गाणं लावलं. खुर्चीत निवृत्त पोस्टमास्तर होते, बाकावर तिघं. बाईनं सूर धरला, कात्री हवेतच थांबली. सूर खाली आला, तेव्हा चार केस पडले. मास्तर घोरायला लागले.

"झटपट, अरे केस कापतोयस की मोजतोयस?" शेजारचा शिंपी बाकावरून ओरडला. "आलो तेव्हा गुळगुळीत होतो मी. हात फिरव, बघ, दाढी आली!"

बाक खदखदून हसला. झटपटही हसला, पण गाणं बदललं नाही. दातओठ खाऊन त्यानं हात रेटला. वर बाई संथ, खाली कात्री घाईची, दोघींचं जुळेना, आणि मास्तरांच्या कानामागं चांगली खाच पडली.

मास्तर दचकून जागे झाले. "हे काय रे? सुनेच्या माहेरी जायचंय मला!"

"करतो सारखं, मास्तर. बसा."

सारखं करायला गेला, तर खाच आणखी रुंद झाली.

"सरक," म्हणत शिंपी उठला आणि त्यानंच फोनवर बोट फिरवलं. ढोल घुमला. बाई मधेच तुटली.

कात्रीत वारं शिरलं. खाचेच्या वरचे केस, खालचे केस सपासप उतरले, आणि बघता बघता खाच कुठं होती तेही कळेना. मास्तर आरशात मान वळवून खूश झाले.

"हां! असं! तू दुसरं काही लावूच नकोस बाबा. हे ऐकलं की आम्ही अजून कॉलेजात असल्यासारखं वाटतं."

"ऐकलंस ना?" मास्तर उठताच शिंपी खुर्चीत बसत म्हणाला. "आम्हाला म्हातारं करू नकोस."

झटपटनं त्याच्या गळ्याला कापड बांधलं आणि कात्री चालवायला घेतली. आरशात बाकावरचे सगळे पाय एका ठेक्यात हलत होते, आणि त्यांच्यात एक त्याचा स्वतःचाही. त्यानं टाच फरशीवर घट्ट दाबून धरली. पाय थांबला.

हात काही थांबला नाही.